अजगर मारण्याआधी तो दिसावा लागतो

फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत माजलेले ब्रह्मी अजगर हटवायला शिकारीच्या स्पर्धा पुरेशा आहेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अपुरे आहे. तिथे अडचण मारण्याची नाही, दिसण्याची आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेला हा साप गवतात इतका बेमालूम मिसळतो की पायाशी असूनही नजरेला पडत नाही.

म्हणूनच २०१७ च्या जानेवारीत तमिळनाडूतील मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या इरुळा जमातीच्या सापवाल्यांना तिथे बोलावले गेले. गाडीतून रस्त्याकडेला साप हुडकण्यापेक्षा ते थेट झाडीत शिरत, माग आणि विष्ठा बघत. दोन आठवड्यांच्या आत १३ अजगर हाती लागले. हे कसब एकेकाळी कातड्याच्या धंद्यावर पोसले गेले, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो बंद झाला आणि १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळांच्या सहकारी संस्थेने ते प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषसंकलनाकडे वळवले.

फ्लोरिडात आता नेमलेल्या अजगरपकड्यांना ताशी मजुरी आणि सापाच्या लांबीनुसार जादा पैसे मिळतात. काही संशोधक नराच्या शरीरात रेडिओ प्रक्षेपक बसवून सोडतात. विणीच्या हंगामात तोच त्यांना माद्यांपर्यंत नेतो.