टेकलेले विमान आणि थांबलेले विमान

मिग विमानांसाठी १९६४ साली स्थापन झालेल्या नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी वायुदलाच्या ‘एचटीटी-४०’ या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. नवशिक्यांसाठी उत्तम विमान आपण बांधू शकतो, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ते सुखरूप उतरविण्याचे शिक्षण, विशेषतः खासगी प्रशिक्षणसंस्थांत, कितपत दिले जाते, याचाही विचार व्हावयास हवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये बारामती येथे एक प्रशिक्षण विमान उतरल्यावर त्याचे पुढचे चाक निखळले आणि ते बाजूच्या गवतात गेले. वैमानिक बचावला, साहजिकच बातमी लवकरच मागे पडली. तेथे निमित्त चाकाचे होते. अन्यत्र ते वाऱ्याचे असते.

आकाशात विमानाची दिशा राखण्यास शेपटीवरील सुकाणू साहाय्य करते. त्याचे बळ वेगावर अवलंबून असते. विमान जमिनीला टेकून वेग उतरू लागला, की ते बळ ओसरते आणि दिशा राखण्याचे काम चाकांवर व ब्रेकवर येऊन पडते. नेमक्या त्या वेळी आडवा वारा असला, तर तो शेपटीच्या उभ्या पात्याला ढकलतो आणि वातकुक्कुटाप्रमाणे विमानाचे नाक वाऱ्याकडे वळते. पूर्वी फ्लाइंग क्लबांत असणाऱ्या ‘पुष्पक’ विमानाला शेपटीखाली चाक असे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने किंचित वळलेले विमान अधिकच वळे आणि गिरकी घेई. नाकाखाली चाक आल्याने हा धोका पुष्कळ घटला, पण संपला नाही. फाजील वेगाने उतरून सारा भार पुढच्या चाकावर टाकल्यास विमान त्याच चाकाभोवती फिरू लागते.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. लांब पल्ल्याच्या एका फेरीत तास पुष्कळ जमतात; विमान उतरते मात्र एकदाच. कर्ज काढून मुलाला वैमानिक करू पाहणारा पालकही तासांचाच हिशेब करतो. वस्तुतः कौशल्याची खरी परीक्षा धावपट्टीवरील त्या अर्ध्या मिनिटात असते, आणि ते तासांच्या बेरजेत दिसत नाही.

यास्तव विद्यार्थी आडव्या वाऱ्यात किती वेळा उतरला, याची नोंद तासांइतकीच महत्त्वाची मानली जावी. विमान सरळ राहत नाही असे टेकण्यापूर्वी दिसताच पुन्हा वर जाणे, ही नामुष्की नसून शहाणपण आहे, हे प्रशिक्षकांनी बिंबवावे. मनुष्यहानी न झालेल्या अपघातांचे निष्कर्षही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रत्येक प्रशिक्षणवर्गात पोहोचवावेत. जो अपघात कोणाचा बळी न घेता धडा देतो, तो विसरून जाणे पुढच्या विद्यार्थ्याला परवडणारे नाही.