मोटर बिघडली? आधी पाना घ्या हातात!

मे महिन्यातली दुपार. नागपूरचा पारा ४५ च्या वर. पंधरा दिवस लग्नाला गावी जाऊन आम्ही नुकतेच परतलो होतो, आणि विहिरीवरच्या मोटरनं संप पुकारला. बटण दाबलं की नुसती गुंऽगुं करायची, पाणी काही वर चढेना. यजमान टूरवर. मोटरवाल्याला फोन केला, तर "उद्या येतो वहिनी." त्याचा 'उद्या' कधी उगवतो, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको!

टाकीत बादलीभर पाणी, कूलर कोरडा. शेवटी मीच पाना घेऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "काहून खोलून राहिली तू ते? शॉक लागला म्हणजे?"

त्यांची भीती खोटी नव्हती. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आपण वाचतोच. म्हणून नुसतं बटण बंद न करता आधी पिनच काढली. मोटरीवरच्या डबीत कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहू शकतो. त्या डबीला हातच लावला नाही.

मागची जाळी काढून पंखा हातानं फिरवून पाहिला. हलेना! मोकळा फिरला असता, तर बहुधा कपॅसिटर गेला म्हणायचं, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. इथं मात्र आतच काहीतरी अडकलं होतं. समोरचे बोल्ट सोडले, झाकण काढलं. आत पितळेचं चाक, ज्याला इंपेलर म्हणतात. त्याच्या आणि झाकणाच्या मधल्या फटीत क्षार धरून घट्ट बसलेले. आपण भांड्यावरचा पांढरा थर घासतो ना, अगदी तोच! मोटर बरेच दिवस बंद राहिली की असं होतं. पॉलिश पेपरनं हलकेच घासलं, चाक मोकळं झालं. झाकणाचं पॅकिंग नीट बसवलं, बोल्ट आवळले, पंपात पाणी भरलं आणि मगच बटण दाबलं. वर टाकीत धार पडल्याचा आवाज आला, तेव्हा सासूबाईंनीच आधी टाळी वाजवली.

यात मी काही पराक्रम केला नाही. वायंडिंग जळलं, तर मोटर दुकानातच न्यावी लागते. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पाणी भरायचं बाईनं, पुरवायचं बाईनं, मोटरीचा बदललेला आवाज सर्वांत आधी ओळखायचा बाईनंच. आणि ती उघडायची वेळ आली की 'हे बायकांचं काम नाही'! असं कसं?

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात, महिला समाख्या कार्यक्रमातून, खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहितावाचताही येत नव्हतं. मग आपल्याला काय अडचण आहे?

मुलानं सायकलची चेन बसवली की आपण कौतुक करतो. मुलीनं पेचकस हातात घेतला की म्हणतो, "ठेव खाली, लागेल." पुढच्या वेळी मिस्त्री आला की चहा देऊन आत जाऊ नका. लेकीला घेऊन शेजारी बसा, काय उघडतो ते बघा, विचारा. कधीतरी भर उन्हाळ्यात तेच कामी येईल.