चाके नसलेली तोफ

आमच्याकडे दिवाळीत पोरे नरकासुर करतात. देवासला आतेबहिणीकडे मात्र अंगणात मातीचा किल्ला! मागच्या खेपेला भाच्यांनी धारचा किल्ला केला आणि समोरची उखळी तोफ माझ्याकडे आली. (कचेरीत फायलींच्या नाड्या बांधून बोटांना तेवढे वळण आहे.)

नळीला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, वर एमसीलचा थर, बैठकीला फणसाचे लाकूड. "मामा, चाके?" अरे, उखळीला चाके नसतात. गाड्यावरून आणून जड बैठकीवर बसवायची. तोंड वर, साधारण ४५ अंशांत. पल्ला दारू कमीजास्त करून साधायचा. गोळा पोकळ, आत दारू. तो तटाला भिडतच नाही, तटावरून आत पडतो.

१८५७च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी धारला वेढा घातला तेव्हा हेच झाले. तोफांनी तटाला भगदाड पाडले, उखळीने आत गोळे टाकले. शेवटी शिरले तर किल्ला रिकामा, शिबंदी रात्रीच निसटलेली! संस्थान मात्र खालसा झाले, ते १८६०मध्ये परत मिळाले. दुसरा बाजीराव जन्मला तो याच किल्ल्यात, १७७५ साली. असो.

थोरला भाचा अडला. शत्रूची तोफ एवढी सुबक कशाला? माझे मत उलट आहे. ती मांडावी, आणि नीट मांडावी. नुसते मावळे उभे केले तर किल्ला पडला कसा, हे पोरांना कळणार कुठून?

तोफ मांडली. धाकट्याने तटाआतले एक घर हळूच मोडून ठेवले. त्याला कुणी सांगितले नव्हते.