सावकाश चालणाऱ्यांची सहल

नरडाण्याला समुद्र नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव. भोवती कापसाची आणि दादर ज्वारीची काळी शेते आणि उत्तरेस काही अंतरावर तापी. म्हणूनच अशा गावच्या शाळेत सहलीचा विषय निघाला, की मुले एकमुखाने ‘समुद्र!’ असे ओरडतात. ह्यात नवल काहीच नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. समुद्र पाहून आलेल्या मुलास ‘काय पाहिलेस?’ असे विचारावे, तर तो बसमधील गाण्यांच्या भेंड्या सांगतो, चौपाटीवरील भेळ सांगतो आणि ‘चला, चला, उशीर झाला’ ही गुरुजींची हाक सांगतो. दोन दिवसांत सात स्थळे पाहावयाची, म्हणजे प्रत्येक स्थळाच्या वाट्यास येणार तरी किती वेळ? किल्ल्याच्या दरवाजात एक छायाचित्र काढले, की किल्ला पाहून झाला! आणि ज्या मुलाचा पाय अधू आहे, किंवा ज्यास दम लागतो, तो तर पुष्कळदा बसमध्येच बसून असतो. ‘तू येथेच थांब, आम्ही आलोच,’ असे त्यास मायेनेच सांगितलेले असते. परंतु ती माया त्यास फार महाग पडते.

सहल आखावयाची ती सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाच्या पावलांनी, आणि आखावयाची ती मुलांनीच. ह्या दोन गोष्टी साधल्या, तर काठाकाठाने केलेली चार किलोमीटरांची पायपीटही चारशे किलोमीटरांच्या धावपळीहून अधिक देऊन जाते. धडधाकट मुलगा तासाला पाच किलोमीटर सहज चालेल. पण आराखड्यात तासाला दोनच धरावेत. उरलेला वेळ वाया जात नाही. त्याच वेळात दगड हाती घेऊन पाहता येतो, पक्षी ओळखता येतो, म्हाताऱ्या नावाड्याशी चार शब्द बोलता येतात.

ह्या शिक्षणास आरंभ करण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. मध्यप्रदेशातील मुलताईस उगम पावून सुमारे सव्वासातशे किलोमीटरांनंतर सुरतेजवळ समुद्रास मिळणारी तापी ही खानदेशच्या मुलांची किनारपट्टीच होय. तिचा काठ सपाट नाही. गाळाच्या मातीचे उंच कडे आणि पावसाने कोरलेल्या खोल घळी ह्यांमुळे काठाने चालताना क्षणोक्षणी वाट वळते. धुळे-नंदुरबारच्या माळावर तर ठिकठिकाणी काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात. पाहणाऱ्यास वाटते, हा एखाद्या पडक्या किल्ल्याचा तट असावा. पण त्या कोणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळात, जमिनीच्या भेगांत तप्त रस चढून थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड तेवढा भिंतीसारखा उभा राहिला. भूशास्त्रात ह्यास ‘डाइक’ म्हणतात. निसर्गाने उभारलेली भिंत कोणती आणि माणसाने उभारलेली कोणती, हे ओळखण्यास मुलास थोडा वेळ लागतो. तो वेळ त्यास मिळाला पाहिजे.

माणसाने उभारलेली भिंत पाहावयाची असेल, तर तापीच्या उत्तर काठावरील थाळनेर गाठावे. खानदेशावर दोनशेंहून अधिक वर्षे राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा ह्याचे हे ठाणे. तो 1399 मध्ये वारला. त्याच्या घराण्याच्या कबरी अद्याप येथे आहेत, आणि त्यांतील अष्टकोनी इमारतीवरील कोरीव काम निरखण्यात एक घटकाही अपुरी पडते. किल्ल्याची एक बाजू नदीनेच राखलेली. आता तेथे तटाचे अवशेष तेवढे राहिले आहेत. 1818 च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांस दिला, तरी येथील किल्लेदार तुळशीराम ह्याने किल्ला सोडला नाही. फेब्रुवारीत सेनापती हिस्लॉप चालून आला. दरवाजातील गोंधळात इंग्रजांचे काही अधिकारी पडले, तेव्हा चवताळलेल्या सैन्याने आतील शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. ह्या कृत्याबद्दल पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातही प्रश्न निघाले. हे सर्व त्या मातीवर उभे राहून ऐकावे आणि मग काही वेळ कोणी बोलू नये. ह्याच थाळनेरात लता मंगेशकर ह्यांचे आजोळ होते, हे कळले की मुलांचे चेहरे पुन्हा खुलतात.

अशी एक-दोन काठावरची पायपीट पदरी पडल्यावर समुद्राकडे जावे. त्यासाठी अलिबागचा कुलाबा किल्ला हे उत्तम ठिकाण होय. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याचे काम सुरू केले आणि पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. ओहोटीच्या वेळी तेथे वाळूतून चालत जाता येते. तटाचे प्रचंड दगड चुन्यावाचून एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी त्यांच्या फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच विरतो. भोवती खारा समुद्र असून आत मात्र गोड्या पाण्याचे तळे आहे. हे कसे, असा प्रश्न मुलांनी विचारावा, म्हणून तेथे गुरुजींनी आपण होऊन काही सांगू नये हेच बरे.

पण येथे आराखडा चुकला तर खेळ जिवाशी येतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले खडक फार मनोहर दिसतात. तेच खडक भरतीच्या वेळी माणसास परतू देत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्याने प्रथम पंचांग उघडावे. कोकणच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. तृतीयेस तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी सहा तासांहून थोडे अधिक मागे गेले, की सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस हीच ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, पण त्या दिवसांत ‘भांग’ असल्यामुळे पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. तेव्हा पाणी दूरवर हटते आणि तितकेच जोराने परतते. हा हिशेब अंदाजाचा आहे. त्यावर छापील भरतीपत्रकाची आणि गावच्या कोळ्यांच्या शब्दाची मोहोर उमटल्यावाचून पाऊल पाण्याकडे टाकू नये.

‘मुलांना हे काय कळणार?’ असे पालक म्हणतील. पाऊणकीचा पाढा त्यांना येत नसेल, तर तो शिकण्यास ह्याहून चांगले निमित्त कोणते? शिवाय जबाबदारी गुरुजींचीच राहते. मुलांनी केलेला आराखडा त्यांनी तपासावयाचा असतो, आणि न पटल्यास फाडूनही टाकावयाचा असतो. मात्र ज्या मुलाने ओहोटीची वेळ स्वतः काढली आहे, त्यास ‘पाण्यात जाऊ नकोस’ असे दहा वेळा सांगावे लागत नाही. काही जण खर्चाची तक्रार करतील : एवढ्या दूर जाऊन एकच किल्ला! त्यांनी कळण्याच्या भाकरीची आठवण करावी. ती घाईने गिळली तर घशात अडकते.

आराखड्याची वही साधी असावी. कोणत्या तिथीस निघावयाचे, पिण्याचे पाणी कोठे मिळेल, सावली कोठे आहे, परत फिरण्याची शेवटची वेळ कोणती, आणि रांगेच्या पुढे कोण चालणार. ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा चुकते. मुले सर्वांत चपळ मुलास पुढे घालतात. अधू पायाच्या मुलास पुढे घालावे. त्याच्या पुढे कोणी जावयाचे नाही, एवढा एक नियम पाळला, की सगळी रांग आपोआप त्याच्या गतीने चालू लागते आणि मागे कोणीच उरत नाही.

हिवाळ्यातील एखाद्या तृतीयेस अशी रांग सकाळी सातला अलिबागच्या वाळूत उतरली, तर आठला ती किल्ल्यात असते. तळे, तट, दरवाजा आणि गणपतीचे देऊळ पाहून साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर परत येते. मग शिदोरी सोडावी आणि तेथेच बसून राहावे. दुपारी, जेथून ती मुले चालत आली, तेथून होड्या जात असतात.