अश्रूंची कसोटी

जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ २००९ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा काही प्रेक्षक त्याच्या दृश्यवैभवाने दिपून गेले, तर काहींनी कथा जुनीच म्हणून नाक मुरडले. कथा जुनी खरीच. परंतु खनिजासाठी मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा अन्याय अद्याप इतिहासजमा झालेला नाही. २०१० मध्येच ओडिशातील डोंगरिया कोंध आदिवासींच्या वतीने कॅमेरून यांना साकडे घालण्यात आले. बॉक्साइटसाठी त्यांचा पूज्य नियमगिरी डोंगर खणला जाणार होता. २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी तो बेत एकमुखाने फेटाळला. चित्रपटातील पँडोरासाठी पाणावलेल्या किती डोळ्यांनी या डोंगराकडे वळून पाहिले? पडद्यावरील अन्यायासाठी अश्रू ढाळणे सोपे असते. सहृदयतेची कसोटी चित्रपटगृहाबाहेर लागते.