मावळतीचा हिशेब

बँकेच्या ३६ वर्षांच्या नोकरीत सूर्यास्त फारसा पाहिलाच नाही. दिवसाचे व्यवहार जुळवून, रोकड तिजोरीत ठेवून बाहेर पडेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागलेले असत. त्यामुळे गेल्या जानेवारीत आम्ही उभयता गुहागरला गेलो, तेव्हा मुलाने दिलेल्या कॅमेऱ्याने समुद्रावरचा सूर्यास्त टिपायचाच, असा माझा निश्चय होता.

सौ.चा नित्य चौविहार असतो. ती सुरूच्या झाडांखाली डबा घेऊन बसली होती. ‘अहो, आधी दोन घास खाऊन घेऊ,’ असे ती दोनदा म्हणाली. ‘पाचच मिनिटे,’ असे मीही दोनदा म्हणालो. बिंब क्षितिजाला टेकले, की पूर्ण बुडायला आपल्याकडे जेमतेम दोन-अडीच मिनिटे लागतात. तेवढ्यात मी ४३ छायाचित्रे काढली. मागे वळून पाहिले, तो ती न उघडलेला डबा पिशवीत ठेवत होती. आता अन्नपाणी दुसऱ्या दिवशी नवकारशीला, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. ती काहीच बोलली नाही. ते अधिक जड गेले. त्या रात्री मलाही जेवण गेले नाही.

खोलीवर येऊन छायाचित्रे पाहिली. सूर्य म्हणजे नुसता पांढरा ठिपका, क्षितिज एका बाजूला कललेले आणि काचेवर खारट दमटपणाचा पडदा. चुका माझ्याच होत्या. अंधारलेली वाळू पाहून कॅमेरा आपणहून जास्त प्रकाश घेतो व आकाशाचे रंग धुऊन निघतात. म्हणून प्रकाश एक-दोन पायऱ्या कमी करावा लागतो. रंगांचा समतोल कॅमेऱ्यावर सोपवला, तर तो केशरी छटेला दोष समजून ती पुसू पाहतो. तो दिवसाच्या प्रकाशावर स्थिर ठेवावा. लेन्स मऊ कापडाने पुसावी आणि दुर्बिणीसारख्या मोठ्या लेन्सच्या नेत्रिकेतून सूर्याकडे थेट कधीच पाहू नये.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि साडेपाचला वाळूवर डबा उघडला. थेपले खाता खाता मी तिला सांगितले, ‘वातावरणात प्रकाश वाकतो. त्यामुळे बिंब पाण्याला टेकलेले दिसते, तेव्हा सूर्य वास्तविक क्षितिजाखाली गेलेला असतो.’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग उद्यापासून डबा आणखी पाच मिनिटे आधी उघडू.’ कालचा राग तिने एवढ्यावरच मिटवला.

बिंब बुडाले. टाळ्या वाजवून मंडळी गाड्यांकडे निघाली. आम्हाला आता जेवणाची घाई नव्हती, म्हणून बसून राहिलो. सूर्य खाली गेल्यावरही वरच्या हवेवर त्याचा प्रकाश पडत राहतो. पंधराएक मिनिटांत ढगांच्या कडा तांबूस, मग जांभळ्या झाल्या. ओहोटीने ओल्या ठेवलेल्या वाळूत ते सगळे आकाश उतरले. त्या वाळूवरून सौ. रिकामा डबा घेऊन पाण्याच्या कडेने चालली होती. मी एकच छायाचित्र काढले.

ते आता आमच्या दिवाणखान्यात लावले आहे. पाहुणे विचारतात, ‘यात सूर्य कुठे आहे?’ मी म्हणतो, ‘तो मावळला होता. आमची जेवणे मात्र त्याआधी झाली होती.’