पुस्तकांचा शेजार

गेल्या पंधरवड्यात वसईकडील एका गावाहून आम्हांस पत्र आले. पत्र लिहिणारे गृहस्थ आमच्या जुन्या धर्मग्रामातले. ते लिहितात : "फादर, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेतून आली की गोष्टींचे पुस्तक घेऊन ओटीच्या कोपऱ्यात बसते. आईने हाक मारली तर ती तिच्या कानी पडत नाही. संध्याकाळी जपमाळ चालू असते तेव्हाही तिचे एक बोट पुस्तकाच्या पानात असते. घरातील मोठी माणसे म्हणतात, हा नाद वेळीच तोडावा. एकदा माझ्या हातातून असेच पुस्तक आपण काढून घेतले होते. त्यानंतर मी फारसे वाचले नाही. म्हणून आपणांसच विचारतो, तिला थांबवू काय?"

पत्रात रागाचा एकही शब्द नाही. म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

गोष्ट खरी आहे. एकवीस वर्षांपूर्वी, गुरुदीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असता, आम्ही धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होतो. मागच्या बाकावर एक मुलगा मांडीवर पुस्तक ठेवून वाचत होता. ती होती एक रहस्यकथा. आम्ही ती काढून घेतली, चार मुलांदेखत त्याला दोन कठोर शब्द सुनावले आणि पुस्तक खोलीवर नेले. त्या रात्री खुनी कोण हे कळेपर्यंत आम्हांस झोप आली नाही. घड्याळात दोन वाजले होते! पुढच्या रविवारी पुस्तक परत करावयाचे, तर "वाचलेत का, फादर?" असे तो विचारील या लाजेने केले नाही. मग बदली झाली. पेटीत भरलेल्या सामानाबरोबर ते पुस्तकही आमच्यामागून आले, आणि आज इंदुरात आमच्या कपाटात ते आहे.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा अधिकार मोठा नाही. उपदेश करण्यापेक्षा आम्हांस भेटलेल्या काही पुस्तकांविषयी सांगावे, आणि त्यातून आमच्या बंधूंनी काय तो बोध घ्यावा, असे आम्ही ठरविले आहे.

पहिला मान 'ख्रिस्तपुराणा'चा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि तेथेच १६१९ साली देवाघरी गेले. साष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणकथांची गोडी होती. त्या सुटल्या, पण त्यांच्या जागी ओठांवर खेळेल असे काही नव्हते. ही उणीव या परदेशी माणसाने ओळखली. त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. 'पैलें पुराण' जुन्या कराराचे, 'दुसरें पुराण' नव्या कराराचे. १६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. गोव्यात आणि मंगळूरकडे तो देवळांतून व घरांतून म्हटला जाई. देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली संपादून प्रसिद्ध केला, आणि पुढे एका सालेशियन धर्मगुरूंनी आजच्या मराठीतील गद्य रूपांतराची जोडही त्याला दिली.

गुरुविद्यालयात आम्ही हा ग्रंथ प्रथम उघडला तेव्हा खरे सांगावयाचे तर दहा ओव्यांत थकलो. भाषा चारशे वर्षांची. पुढे एका वृद्ध प्राध्यापकांनी आम्हांस तो डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणावयास लावले, आणि जे दगडासारखे वाटत होते ते वाहू लागले. परभाषेत जन्मलेला माणूस आपल्या भाषेवर इतके प्रेम करितो, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याइतका आपल्या घरात मिसळतो, हे पाहून मराठी ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आम्हांस थोडी शरमही वाटली.

दुसरे पुस्तक बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन'. १८५७ सालचे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणले जाते, आणि ती एका ख्रिस्ती माणसाच्या लेखणीतून उतरली हे आपल्या पुष्कळ घरांतून ठाऊक नसते. विधवांच्या हालअपेष्टा हा तिचा विषय. कथा पुढे सरकते न सरकते तोच लेखक थांबून उपदेश करितात, आणि प्रवचन देण्यात जन्म घालविलेल्या आम्हांसही मधूनमधून जांभई आली. रविवारी आमच्यासमोर बसणाऱ्यांना काय वाटत असेल याची ती शिक्षाच म्हणावयाची! परंतु त्या स्त्रियांचे दुःख मात्र मनातून जात नाही. इतरांनी ज्यांच्याकडे पाहू नये असा रिवाज होता त्यांच्याकडे या लेखकाने पाहिले. गोष्ट वाचण्याचा हा एक मोठा लाभ आहे : ज्या घराची पायरी आपण चढलो नसतो त्या घरात ती आपणांस नेऊन बसविते.

आता इंदुरातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. हे शहर होळकरांचे. मराठी येथे दोन-अडीच शतके नांदत आली आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने येथे भरली. तरी बाजार हिंदीचा, शाळा हिंदीची वा इंग्रजीची, आणि घरात मराठी उरली ती आजीआजोबांच्या तोंडी. अशा एका घरी आम्ही दर शुक्रवारी एका आजारी वृद्धाला ख्रिस्तशरीर देण्यास जात असू. तरुणपणी ते अहमदनगरकडून येथील कापडगिरणीत नोकरीस आले होते. डोळे गेले होते. उशाशी एक फाटके पुस्तक असे. त्यांच्या दिवंगत पत्नीचे ते होते : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

"फादर, एक पान वाचाल का?" असे त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा आम्ही घाईत होतो. तिसऱ्या शुक्रवारी गेलो तेव्हा त्यांचा चौदा वर्षांचा नातू अडखळत वाचत होता. मराठी तो कधी शिकला नव्हता, पण हिंदीमुळे अक्षरे ओळखीची होती. 'ळ' आला की तो 'ल' म्हणे. आजोबा डोळे मिटूनच सांगत, "बाल नव्हे रे, बाळ. जीभ वर ने." मुलगा पुन्हा म्हणे. एका पानाला अर्धा तास लागे. परंतु लक्ष्मीबाईंचा विनोदच असा की मध्येच नातू खदखदून हसे, आणि मग हसत हसत आजोबांना खोकल्याची उबळ येई.

ज्यांनी हे पुस्तक वाचले नाही त्यांच्यासाठी चार शब्द. लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात गेले. लिहावाचावयास पतीने शिकविले तेवढेच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना १८९३ साली आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीवर आभाळ कोसळले. पाच वर्षे अशी गेली की वाचताना घसा दाटतो. १९०० साली त्यांनीही ख्रिस्त स्वीकारला. हे सर्व त्यांनी म्हातारपणी लिहिले. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. उभयता आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतील नव्हती. परंतु रडण्याच्या जागी हसण्याची आणि हसता हसता क्षमा करण्याची त्यांची रीत पाहून आम्ही आमच्या पुष्कळ प्रवचनांहून अधिक शिकलो.

आजोबा पावसाळ्याच्या अखेरीस गेले. पुस्तकाचा तिसरा भाग अर्धा राहिला होता. अंत्यविधीनंतर आठ दिवसांनी तो मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, पुढचे मी एकट्याने वाचले. आता दुसरे काही द्या." 'पुढचे' मधला 'च' त्याने अगदी आजोबांसारखा उच्चारला. त्या क्षणी आमच्या कपाटातली ती रहस्यकथा आम्हांस आठवली.

आम्ही त्याच्या हाती दिले गोडसे भटजींचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट, घरच्या दारिद्र्यामुळे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले. महूजवळ येतात तो बंडाची वार्ता त्यांच्या कानी पडते. हे महू इंदुराहून हाकेच्या अंतरावर. पुढे १८९१ साली डॉक्टर आंबेडकरांचा जन्म तेथेच झाला. आपल्या पायाखालच्या रस्त्याने पुस्तकातला माणूस चालला, हे कळताच मुलाचे डोळे चमकले. भटजी लढवय्ये नव्हेत, विद्वान इतिहासकारही नव्हेत. झाशीच्या वेढ्यात सापडलेला, भुकेला आणि भ्यालेला एक साधा माणूस आपण पाहिले ते सांगतो. इतकी वणवण करून शेवटी आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेचे पाणी घेऊन तो घरी येतो. धर्म वेगळा असला तरी त्या पुत्राच्या भक्तीपुढे आमचे मस्तक नम्र झाले.

'श्यामची आई' विषयी काय सांगावे? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. कोणी म्हणतात, त्यात रडे फार. आम्हीही तरुणपणी तसे म्हणत असू. आमची आई गेल्यावर ते पुन्हा वाचले, आणि मग तसे म्हणालो नाही. पुस्तक तेच असते. वाचणारा बदलून येतो.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी खिन्न होऊ नये. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर नि शेतात त्या गात, आणि मुलाने व आप्तांनी ते टिपून ठेवले. १९५१ साली त्या वारल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी छापली गेली आणि महाराष्ट्र थक्क झाला. आपल्या वाड्यांतील म्हाताऱ्यांच्या तोंडीही लग्नाची, हळदीची गाणी आहेत. आमच्या बंधूंच्या मुलीला वहीपेन्सिल देऊन आजीजवळ बसवावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

संतचरित्रांचे महत्त्व आम्ही निराळे सांगावयास नको. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणास खिळलेल्या इग्नेशियसने वीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा होत्या. त्याच त्याने वाचल्या आणि जगाला एक संत मिळाला. आमच्या येथील पुण्यशील सिस्टर राणी मारिया यांचे चरित्रही घरोघरी वाचले जावे. गरिबांची बाजू घेतल्यामुळे २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येत असता बसप्रवासात त्यांची हत्या झाली, आणि त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली. २०१७ साली इंदुरातच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. हुतात्मे केवळ रोमच्या आखाड्यात होऊन गेले असे समजणाऱ्याने हे अवश्य वाचावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. आव्हिलाच्या संत तेरेजा लहानपणी आईबरोबर वडिलांच्या नकळत वीरकथा वाचीत. त्या नादाने आपली भक्ती थंडावली असे पुढे त्यांनी स्वतःच लिहिले. म्हणून सर्वच पुस्तके सारखी, असे आम्ही म्हणत नाही. मन मळविणारी पुस्तके आहेत, द्वेष शिकविणारीही आहेत. कोणते पुस्तक कसे हे ओळखण्याची आमची एक साधी कसोटी आहे. पुस्तक मिटल्यावर घरातली माणसे आपणांस अधिक आवडू लागली की नकोशी झाली, एवढे पाहावे.

परंतु ही पारख करावयाची कोणी, आणि कशी? प्रेषितांच्या कृत्यांत एक हबशी अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत चालला आहे. त्याला समजत नाही. फिलिप धावत जाऊन विचारतो, वाचता ते कळते काय? मग तो काय करितो? पुस्तक काढून घेत नाही. रथात चढून त्याच्या शेजारी बसतो. त्या रस्त्यावर बाप्तिस्मा झाला तो या शेजारी बसण्यातून.

एकवीस वर्षांपूर्वी आम्ही बाकाशी उभे राहिलो. शेजारी बसलो नाही. त्या आजारी आजोबांनी, डोळे नसता, ते केले.

तेव्हा बंधो, मुलीला थांबवू नका. जपमाळेच्या वेळी पुस्तक मिटून ठेवण्यास अवश्य सांगा. देवाचा वेळ देवाला. पण जपमाळ संपली की तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "बाय, मला एक पान वाचून दाखव." न समजेल ते विचारा. आवडले नाही तर तसे सांगा. आठ दिवसांत तिला चांगले-वाईट कळू लागेल, आणि कदाचित आपलीही सुटलेली गोडी परत येईल.

आपले पुस्तक आम्ही आजच्या टपालाने रवाना केले आहे. मुखपृष्ठ थोडे फाटले आहे, ते आमच्याकडून. खुनी कोण हे आम्ही सांगणार नाही. ते आपण वाचूनच पाहावे, आणि उशिरा का होईना, आम्हांस क्षमा करावी.